कृपा फेसाच्या रूपानं आली

त्या सोमवारी मी महादेवाला पाणी घातलं नाही. कितीतरी वर्षांत असं पहिल्यांदाच घडत होतं. आजारपण नव्हतं, अडचण नव्हती, विसरही पडला नव्हता. तांब्या भरला, देव्हाऱ्यापुढं बसले, पिंडीकडं बराच वेळ पाहत राहिले आणि मग उठून ते पाणी मोरीत ओतून टाकलं. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं पाहिलं. माझा डबा भरून तिनं पिशवीत ठेवला आणि मी ड्युटीला निघाले.

मी एसटीत कंडक्टर आहे. आदल्या आठवड्यात आमची वार्षिक तपासणी झाली होती. डॉक्टरांनी माझा उजवा पाय दाबून पाहिला, कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "बाई, उभ्यानं करायच्या कामाला हा पाय आणखी किती दिवस साथ देईल, मला सांगता येत नाही. पुढच्या तपासणीपर्यंत काहीतरी उपाय बघा." ते रागावून बोलले नव्हते, उलट काळजीनंच बोलले होते. पण माझ्या मनात मात्र आठवडाभर एकच गोष्ट घोळत होती. इतकी वर्षं मी त्या पिंडीवर पाणी घालून एकच मागणं मागत आले, पाय बरा कर. आणि तो पाय तर वर्षागणिक बिघडतच चालला होता.

जन्मापासूनच तो पाय वेगळा आहे. गुडघ्याखाली, पोटरीवरून घोट्यापर्यंत निळ्या-जांभळ्या फुगीर शिरांचं जाळं. लहानपणी ते तळहाताएवढं होतं. मी वाढले तसं तेही वाढलं. उभं राहिलं की फुगायचं, पाय उशीवर ठेवून झोपलं की ओसरायचं. मध्येच कधी आत गुठळी धरायची आणि चार-चार दिवस ती जागा तापून ठणकायची. नऊ वर्षांची असताना एकदा ऑपरेशन झालं. काही काळ बरं वाटलं, मग वणाच्या दोन्ही बाजूंनी शिरा पुन्हा वर आल्या. त्यानंतर जे जे भेटले त्यांनी हात लावू नका, रक्त थांबणार नाही, असंच सांगितलं. लग्नाची दोन स्थळं बोलणी होऊन पाय पाहिल्यावर परतली. तिसऱ्या वेळी मीच आईला म्हणाले, आता पुरे. करमाळ्याकडच्या केमजवळ आमचं छोटं गाव आहे. वडील गेल्यावर मला ही नोकरी लागली आणि आईला घेऊन मी सोलापुरात राहायला आले. मला माझं काम आवडतं. खाकी गणवेश घालून, हातात तिकिटाचं मशीन घेऊन गाडीत उभी राहिले की मी कुणाची बिचारी नसते. म्हणून तर त्या डॉक्टरांचं बोलणं इतकं लागलं होतं.

खरं तर त्या दिवशी माझी ड्युटी बार्शीच्या गाडीवर होती. बरोबरच्या एका कंडक्टर बाईंकडं पाहुणे येणार होते, त्यांना लवकर घरी जायचं होतं. म्हणून आम्ही ड्युट्या बदलून घेतल्या आणि मी करमाळ्याच्या गाडीवर चढले. गाडी भरलेली होती. मोडनिंब मागं पडलं. श्रीपूरच्या कारखान्यावर ऊसतोडीला निघालेलं एक कुटुंब टेंभुर्णीला उतरायचं म्हणून आधीच दाराजवळ येऊन उभं होतं. त्यांच्याबरोबर पत्र्याची एक मोठी पेटी होती. समोर दुचाकी आडवी आली, ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला आणि ती पेटी घसरत येऊन माझ्या पोटरीवर आदळली. पेटीचा एक कोपरा फाटलेला होता.

सुरुवातीला फारसं दुखलं नाही. मग बूट आतून ओला लागला. खाली पाहिलं तर रक्ताची धार लागलेली. त्या जागेला काही लागू द्यायचं नाही, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते आणि आता तेच झालं होतं. मी दाराजवळच्या पायरीवर मटकन बसले. कुणी हळद शोधायला लागलं, कुणी दोरी काढली. पेटीवाला माणूस हात जोडून "बाई, माज्यामुळं झालं, बाई" एवढंच म्हणत होता.

तेवढ्यात मागच्या सीटवरून एक बाई पुढं आल्या. साठी उलटलेली, अंगानं बारीक, कपाळावर विभूतीचे पट्टे. त्यांनी दोरीवाल्याचा हात बाजूला सारला. "बांधायचं न्हाई. सरका जरा, हिला आडवी होऊ द्या." त्यांनी मला मधल्या जागेत झोपवलं, पाय उचलून सीटवर ठेवला, पिशवीतला धुतलेला टॉवेल घडी करून जखमेवर ठेवला आणि दोन्ही तळव्यांनी दाबून धरला. माझे दात वाजत होते. त्या वाकून म्हणाल्या, "अंजब्याड, तंगी. भिऊ नको, बहिणी. शिरेचं रगत हाय हे. पाय वर केला आणि दाबून धरलं की थांबतंय." त्यांच्या मराठीत कानडी मिसळलेलं होतं, अक्कलकोटकडच्या लोकांचं असतं तसं. टेंभुर्णी येईपर्यंत त्यांनी हात हलवला नाही. दवाखान्याच्या दारात गाडी थांबली तेव्हा रक्त जवळजवळ थांबलं होतं.

प्रवाशांना दुसऱ्या गाडीत बसवून दिलं. त्या बाई मात्र गेल्या नाहीत. जखमेला टाके पडेपर्यंत त्या माझ्या उशाशी बसून राहिल्या. आयुष्यभर एका मोठ्या इस्पितळात, ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर म्हणून काम करून त्या निवृत्त झाल्या होत्या. पट्टी बांधून झाल्यावर त्यांनी माझ्या पायावरून अलगद हात फिरवला. लग्न मोडून गेलेल्या स्थळांच्या घरच्या बायांनी ज्या नजरेनं तो पाय पाहिला होता, तशी त्यांची नजर नव्हती. ओळखीचं माणूस भेटावं तसं त्या त्याच्याकडं बघत होत्या.

"जन्मापासनं हाय की हे?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग अजून कुणी फेस टोचला न्हाई का?"

मला वाटलं माझ्या ऐकण्यात काही चूक झाली. त्या हसल्या. औषध ढवळून त्याचा फेस करतात आणि सुईनं तो ह्या फुगलेल्या शिरांत सोडतात, शिरा आतून चिकटून हळूहळू आक्रसतात, असं त्यांनी मला समजावून सांगितलं. त्यांच्या थिएटरात लहान मुलांपासून मोठ्यांपर्यंत कितीतरी जणांवर हा उपचार होताना त्यांनी डोळ्यांदेखत पाहिला होता. "आमच्याकडं शिकायला होता तो एक पोरगा आता डॉक्टर होऊन सोलापुरातच बसतोय. त्याला दाखव." सोलापुरात. माझ्या घरापासून रिक्षानं पंधरा मिनिटांवर. त्यांनी डॉक्टरांचं नाव आणि आपला फोन नंबर लिहून दिला. उठता उठता सहज म्हणाल्या, "मी आज ह्या गाडीला नव्हतेच की. लेक मोटारीनं सोडणार होता, सकाळी त्याला कामावर बोलावलं."

मीही खरं तर त्या गाडीला नव्हते. आणि सकाळीच मी देवाकडं पाठ फिरवून घरातून निघाले होते. ह्या सगळ्याचा अर्थ काय लावायचा हे मला त्या दिवशी कळलं नाही, आजही मी तो लावायला जात नाही. झालं ते असं झालं, एवढंच सांगते.

टाके निघाल्यावर आईला बरोबर घेऊन मी त्या डॉक्टरांकडं गेले. चाळिशीच्या आतले, शांत बोलणारे. त्यांनी सोनोग्राफी केली, एमआरआय आणि रक्ताच्या तपासण्या करून घेतल्या. दुसऱ्या भेटीत पडद्यावर माझा पाय दाखवत म्हणाले, "ताई, ह्या साध्या फुगलेल्या शिरा नाहीत. ही जन्मतः झालेली शिरांची चुकीची रचना आहे. ती कातडीखाली आहे आणि थोडी स्नायूतही शिरलीय. पण पायातल्या मुख्य खोल शिरा चांगल्या आहेत, म्हणून आपल्याला फेसाचा उपचार करता येईल. एका वेळेत होणार नाही, तीनेक वेळा करावं लागेल. मुळासकट जाईल असं मी म्हणणार नाही. ताब्यात येईल." धोकेही त्यांनी एकेक करून सांगितले. कातडीला जखम होऊ शकते, खोल शिरेत गुठळी होऊ शकते, म्हणून ते बेतानं औषध देणार होते.

पदराचं टोक बोटाला गुंडाळत आईनं विचारलं, "डाक्टर, पोटूशी आसताना आईनं काय येडंवाकडं केलं, तर हुतंय का हे?"

"म्हणजे काय, आजी?"

मग आईनं जे सांगितलं ते मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होते. माझ्या वेळी तिला दिवस गेलेले असताना ग्रहण लागलं. सासूनं तिला आत सरळ झोपवलं होतं. पण गोठ्यातली म्हैस दावं तोडून उभ्या पिकात शिरली. घरात पुरुषमाणूस नव्हतं. "म्या उठले. तुटल्यालं दावं वळलं, गाट मारली, म्हस बांदली. ही जल्मली तवा हिचा पाय बगितला आन् मला ते दावंच दिसलं. सासूनं बी तेच वळकलं. हिची लग्नं मोडली ती माज्यामुळं. हिला म्या कदी बोलले न्हाय."

चाळीस वर्षं. माझ्या पायाला तेल लावताना, माझ्यासाठी उशी रचताना, दारातून स्थळं परत जाताना ही बाई हे सगळं एकटीनं पोटात घेऊन बसली होती. आणि माझी समजूत अशी होती की, दुखणं फक्त माझंच आहे.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. खुर्ची सोडून ते आईजवळच्या स्टुलावर येऊन बसले. "आजी, ग्रहण लागलं तेव्हा तुम्हाला कितवा महिना होता?"

"सातवा."

"ह्या शिरा पोटातल्या बाळाच्या अंगात पहिल्या दोन-तीन महिन्यांतच तयार होतात. ही गडबड झाली तीही तेव्हाच. तुम्ही दावं वळलंत त्याच्या कितीतरी आधी. तुम्ही त्या दिवशी झोपून राहिला असतात तरी ताईंचा पाय असाच असता. आणि पहिल्या महिन्यांतही कुणाच्या काही करण्यामुळं हे होत नाही. तुमच्यामुळं तर नाहीच नाही."

आईनं बोटांच्या पेरांवर महिने मोजले. एकदा मोजले, पुन्हा मोजले. "मग माज्या हातनं न्हाय झालं?"

"नाही, आजी."

तिनं पदर तोंडावर ओढला. तिला मी वडील गेले तेव्हाही असं रडताना पाहिलं नव्हतं. डॉक्टर उठले नाहीत. बाहेर पेशंट ताटकळत होते, पण ते तिचं रडणं थांबेपर्यंत तिथंच बसून राहिले. पायाला अजून सुईही लागली नव्हती. पण आमच्या घरातलं खरं दुखणं त्या खोलीतच उतरलं, असं मला आज वाटतं.

पहिल्या उपचाराच्या दिवशी मी भेदरले होते. टेबलावर मला पूर्ण भूल दिली नव्हती, थोडी गुंगी दिली होती आणि जागा बधिर केली होती. डॉक्टरांनी दोन सिरिंजा एका छोट्या तोटीनं जोडल्या. एकीत थोडं औषध, दुसरीत हवा. मग ते औषध भराभर इकडून तिकडं, तिकडून इकडं ढकलायला लागले. बघता बघता त्याचा पांढरा घट्ट फेस झाला, धार काढताना चरवीत वर येतो तसा. "हा लवकर विरतो, म्हणून लगेच सोडावा लागतो," ते म्हणाले. सोनोग्राफीच्या पडद्याकडं बघत त्यांनी पोटरीत सुई घातली. मी सगळं अंग आवळून धरलं होतं.

"ताई, पाय सैल सोडा."

"सैलच आहे."

"नाही. तुम्ही धरून ठेवलाय. तुम्हाला काहीच करायचं नाहीये, जे करायचं ते मी करतोय. तुम्ही फक्त सोडून द्या."

का कोण जाणे, ते वाक्य माझ्या खूप आत गेलं. माझी इतक्या वर्षांची सगळी भक्ती मला त्या क्षणी दिसली. मी देवापुढं बसायचे तीही अशीच, मुठी आवळून. पाणी माझं, मागणं माझं, ते कधी आणि कसं पुरं व्हायला हवं तेही मीच ठरवलेलं. देवाच्या हातात मी काही ठेवलंच नव्हतं. तिथं पडल्या पडल्या मी मनात म्हणाले, महादेवा, पाय तुझा. बरा झाला तरी तुझा, नाही झाला तरी तुझा. आणि खरोखरच पाय सैल पडला. पोटरीत एक गार-जडसर भरून येणं जाणवलं. पडद्यावर फेस शिरांतून पसरत गेला आणि त्यानं आतलं रक्त पुढं सारलं. डॉक्टर हळूच म्हणाले, "छान. असंच राहू द्या."

सगळं सोपं झालं असं मात्र नाही. पहिला आठवडा पाय आधीपेक्षा दुप्पट सुजला, आत कठीण गाठी लागायला लागल्या. असं होणारच, डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, तरी रडू आलं. घट्ट मोजा घालून रोज चालायचं होतं. आई माझ्याबरोबर गल्लीच्या टोकापर्यंत यायची. मी गाडीतल्या त्या सिस्टरांना फोन करून आभार मानले तर म्हणाल्या, "मी काय केलं? नुसतं दाबून धरलं." दोन महिन्यांनी दुसरा उपचार झाला आणि त्यानंतर घोट्याजवळच्या कातडीवर फोड येऊन तिथं जखम झाली. ती भरायला दीड महिना गेला. पूर्वीची मी असते तर ह्या जखमेसाठी देवाला जाब विचारला असता. ह्या वेळी विचारला नाही. रोज पट्टी बदलत राहिले, जमेल तितकं चालत राहिले. मन डळमळलं की टेबलावरचं ते सैल पडणं आठवायचे आणि तसं पुन्हा जमतंय का ते बघायचे. कधी जमायचं, कधी नाही.

तिसऱ्या उपचारानंतर तीन महिन्यांनी डॉक्टरांनी पुन्हा सोनोग्राफी केली. जिथं पूर्वी रक्तानं भरलेल्या मोठमोठ्या पोकळ्या दिसायच्या, तिथं आता दाटलेले, आक्रसलेले धागे दिसत होते. "कुठं पुन्हा डोकं वर काढलं तर पुन्हा टोचू," ते म्हणाले, "पण आता हा पाय तुमच्या मागं मागं येणार, तुम्ही त्याच्या मागं नाही." मी उभी राहिले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. पोटरी फुगली नाही. डॉक्टरांनी घड्याळाकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि आम्ही दोघंही हसायला लागलो.

पुढच्या तपासणीत डेपोच्या डॉक्टरांनी तोच पाय दाबून पाहिला. जुना कागद काढून पुन्हा पुन्हा वाचला आणि मला फिट लिहिलं. रजा संपवून पुन्हा कामावर गेले त्या दिवशी मी मुद्दामच करमाळ्याची गाडी मागून घेतली. सोलापूर सोडल्यापासून करमाळ्याच्या स्टँडपर्यंत एकदाही टेकले नाही. मोहोळ गेलं, मोडनिंब गेलं, टेंभुर्णी गेली, आणि मी गाडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फेऱ्या मारत होते. ड्रायव्हरभाऊ आरशातून बघत होते. शेवटी म्हणाले, "मॅडम, बसा की आता, गाडी पळून जात न्हाई." मी म्हणाले, "नाही भाऊ, आज उभीच राहणार." संध्याकाळी घरी येऊन मोजा काढला. पाय थकलेला होता. चारचौघांचा थकतो तसा थकलेला. ते थकणं मला किती गोड लागलं, हे ज्याचा पाय कधी दुखला नाही त्याला मी सांगू शकणार नाही.

सुट्टीच्या दिवशी आम्ही मायलेकी गावाकडं गेलो. वेशीजवळच्या महादेवाला जायचं आईच म्हणाली. मी गाभाऱ्यात शिरले आणि सवयीनं मागं वळून पाहिलं, तर आई नंदीजवळच थांबलेली. तेव्हा मला उमगलं की ती नेहमीच तिथं थांबायची. माझ्या आठवणीत ती कधी आत आलीच नव्हती. गुडघे दुखतात म्हणायची, म्हणून मी कधी विचारलंही नव्हतं.

मी हात पुढं केला. तिनं उंबऱ्याकडं पाहिलं, पायातली वहाण आधीच काढलेली असूनही पाय एकदा पदरानं पुसले आणि ती आत आली. गाभाऱ्यात गार होतं. बेलाचा आणि ओल्या दगडाचा वास येत होता. तिनं दोन्ही हात पिंडीवर टेकवले आणि डोळे मिटून ती कितीतरी वेळ तशीच राहिली. मीही शेजारी बसले. त्या दिवशी मागायला माझ्याकडं काही नव्हतं, आणि हात मोकळे असले की देव किती जवळ वाटतो हे मला चाळिशी ओलांडल्यावर कळत होतं. आपण फक्त धरून ठेवलेलं सोडायचं, बाकीचं करणारे हात त्याच्याकडं पुष्कळ आहेत. कधी विभूती लावलेल्या अनोळखी बाईचे, कधी डॉक्टरांचे.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "आई, काय मागितलंस?"

"काय बी न्हाय," ती म्हणाली. "लई दिसांनी आले, म्हनून नुसती बसले."

आणि ती माझ्या पुढं झपाझपा चालायला लागली.